यंदा सप्ताह कुठं?

श्रावण जवळ आला की आमच्या भागात दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पाऊस कसाय, आणि यंदा सप्ताह कुठं? कोणता सप्ताह, हे सांगावं लागत नाही. गावोगावी सप्ताह बसतच असतात. पण नुसता 'सप्ताह' म्हटला की तो सराला बेटाचा, गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह. बेट गोदावरीच्या पात्रात आहे. एका अंगाला आमचा श्रीरामपूर तालुका, दुसऱ्या अंगाला वैजापूर. सप्ताह मात्र एका जागी राहत नाही. दर श्रावणात नवं गाव, नवं शिवार. 2022 साली तो कोपरगाव तालुक्यातल्या कोकमठाणला बसला, तो 175 वा. 2024 ला सिन्नरकडे पंचाळ्याला झाला, 2025 ला वैजापूर तालुक्यात शनि देवगावला. आपल्या गावाला सप्ताहाच्या यजमानपणाचा नारळ मिळावा म्हणून गावं वाट बघत असतात, आणि ज्या गावाला तो मिळतो त्याच्या शिवारात आठवडाभर लाखांनी माणूस येतो, बसतो, जेवतो आणि नाम घेतो.

माझं आजोळ बेलापूरचं. नवी मुंबईतलं नव्हे, प्रवरेकाठचं. नदीच्या एका बाजूला बेलापूर बुद्रुक, दुसऱ्या बाजूला खुर्द. श्रीरामपूरच्या स्टेशनाला रेल्वेनं नाव दिलं तेही याच बेलापूरचं. मामांचा ऊस आहे, थोडं सोयाबीन आहे, गळ्यात माळ आहे. सप्ताहाला गेले नाहीत असा श्रावण त्यांना आठवत नाही. माझी धाकटी बहीण सरकारी आरोग्य खात्यात डॉक्टर आहे. यात्रा म्हटली की तिला आधी ड्यूटी आठवते. या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे आणि एकाही गोष्टीवर एकमत नाही. मागच्या श्रावणात गावातून भाकरीची ट्रॉली गेली, त्याच दिवशी संध्याकाळी पडवीत त्यांचं जे बोलणं झालं ते मी जमेल तसं इथं उतरवतो आहे. मध्ये मीही बोललो, पण तेवढंच जेवढं भाच्याला शोभतं.

मामा : तू पंगत बघायला हवी होतीस, पोरी. नजर पोचणार नाही इतक्या रांगा. मधून ट्रॅक्टर सावकाश चाललाय, ट्रॉलीतली पोरं हातात भाकरी देतायत, मागून आमटी. एवढं माणूस खाली बसलंय आणि कुणी कुणाला ढकलत नाही. सांग बरं, कुठल्या सरकारी कार्यक्रमात असं होतं?

बहीण : सरकारी कार्यक्रमाचं काढताय म्हणून सांगते. 16 एप्रिल 2023, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. लाखो माणसं भर उन्हात मैदानात बसली होती. तिथंही कुणी कुणाला ढकललं नाही. शिस्तीत बसले आणि शिस्तीतच आजारी पडले. 14 जण उष्माघातानं गेले. मामा, ढकलाढकली झाली तरच माणूस मरतो असं नाही. श्रद्धा असली की माणूस उठून सावलीला जायला लाजतो. तहान लागली तरी बसून राहतो. ते मला भीतीचं वाटतं.

मामा : ते एप्रिलमध्ये, दुपारी. आपला सप्ताह श्रावणात.

बहीण : श्रावणात ऊन नाही, चिखल आहे. ओल्या मंडपात वायरी आहेत. विहिरीच्या पाण्याचा रंग बदललेला आहे. यात्रेत आम्ही पहिलं काय विचारतो ठाऊक आहे? पाण्याची ओटी, म्हणजे क्लोरीनची तपासणी, घेतली का. टीसीएल पावडर किती, कुणी टाकली, केव्हा टाकली. टँकर भरतो त्या विहिरीत क्लोरीन नसलं तर एका दिवसात गावच्या गाव जुलाबानं आडवं होतं. पंढरपूरच्या वारीला इंग्रजांच्या काळात पटकीनं किती गाठलं होतं ते तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल.

मामा : ऐकलंय. वारी बंद झाली का त्यानं?

बहीण : बंद करा असं मी म्हटलं का?

इथं मामा थोडे वरमले. त्यांना वाद घालायचा होता तो 'बंद करा' म्हणणाऱ्याशी, आणि समोर तसं कुणी नव्हतं. असं पुष्कळदा होतं. यात्रा-जत्रांवर शंका घेणारा माणूस म्हणजे श्रद्धेचा वैरी, असं धरून आपण बोलायला लागतो. आणि जत्रेला जाणारा माणूस म्हणजे मेंढरू, असं दुसरी बाजू धरते. आमच्या पडवीत दोन्ही समजुती पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाल्या म्हणून पुढचं बोलणं झालं.

मामा : बरं, मांढरदेवीचं तू नेहमी सांगतेस. ते आज मीच काढतो. तिथं काय झालं?

बहीण : 25 जानेवारी 2005. शाकंभरी पौर्णिमा. वाईजवळचा डोंगर, वर काळूबाईचं देऊळ. फोडलेल्या नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दुकानं. माणसं घसरली, वरून गर्दीचा रेटा, मग दुकानांना आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग बसला. त्याआधी 2003 च्या ऑगस्टमध्ये नाशिकला, सिंहस्थात, जवळपास चाळीस गेली. तिथंही निमुळता रस्ता आणि पुढं जायची घाई.

मामा : आता माझं ऐक. दोन्हीकडं माणसं कशासाठी पळत होती? एका दारासाठी. एका घाटासाठी. अमुक मुहूर्ताला, अमुक जागी पोचायचंय. आपल्या सप्ताहात दार कुठंय? गाभारा नाही, दर्शनाची रांग नाही, नारळ फोडायला पायरी नाही. उघडं शिवार आहे. नाम कानावर पडलं की झालं, ते मंडपात बसून ऐक नाहीतर बांधावर बसून. मूर्तीपुढं पहिला कोण, हा प्रश्नच नाही. म्हणून धक्काबुक्की नाही. हे माझं अडाण्याचं डोकं आहे, पण बघ पटतंय का.

बहीण गप्प झाली. खरं सांगायचं तर मीही. मामांनी जे सांगितलं ते गर्दीचा अभ्यास करणारी माणसंही सांगतील : गर्दी जीव घेते ती संख्येनं नव्हे, ती ज्या निमुळत्या जागी कोंबली जाते त्या जागेनं. वारकरी पंथानं देव उघड्यावर आणला, वाळवंटात आणला, रस्त्यावर चालवला. पंढरपुरात गाभारा एवढासा आहे, पण वाळवंट केवढं आहे! चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन ऐकून, कळसाला हात जोडून परतणारा वारकरी स्वतःला अपुरा समजत नाही. कळसदर्शनाची ही सोय कुणी तरी फार विचारानं केलेली आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

बहीण : पटतंय. पण अर्धं. येताना माणसं दिवसभर थोडीथोडी येतात. जाताना? काल्याचं कीर्तन संपलं की सगळे एकदम उठतात. रस्ता एक. पूल असला तर तोही एकच. तुमच्या शिवाराला दार नाही, पण शिवारातून डांबरी सडकेला लागायला जी वाट आहे तेच दार. आणि त्या वाटेवर ट्रॉल्या. मामा, भाकरी नेलेल्या ट्रॉलीतून येताना माणसं येतात. फळीला धरून बायका उभ्या, पोरं कडेवर. अंधार, पाऊस, उसाचे रस्ते. यात्रेच्या ड्यूटीत माझ्यासमोर हाड मोडून येतात ते चेंगरून नाही, ट्रॉलीतून पडून येतात.

मामा : ट्रॉलीचं तुझं खरंय.

एवढंच म्हणाले. आणि आत हाक मारून चहा सांगितला.

चहा आणला मामींनी, आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही तळहातांच्या कडा लाल झाल्या होत्या. सकाळी गावाच्या भाकरी गेल्या होत्या ना. भाकरीचा दिवस कसा असतो हे वर्तमानपत्रात येत नाही. तिथं येतो मंडपाचा फोटो, व्यासपीठावरचे पुढारी, आणि 'लाखो भाविकांची उपस्थिती'. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गावाला दिवस ठरवून मिळतो. आदल्या दिवशी गिरणीपाशी डब्यांची रांग लागते, कारण बाजरीचं पीठ आधी दळून ठेवता येत नाही. दोन-चार दिवसांत कडवट होतं. ज्याच्या घरी जितकी माणसं, जितकी ऐपत, तितक्या भाकरी. सक्ती कुणावर नसते आणि मागं कुणी राहत नाही. पहाटे चारला आळीतल्या सगळ्या घरांत दिवे लागलेले असतात आणि काठवटीवर थाप पडत असते. पाच किलो पिठाच्या चाळीसेक भाकरी होतात. पीठ कोमट पाण्यात एका वेळी एका भाकरीपुरतंच मळायचं, तळव्याच्या टाचेनं रगडायचं, नाहीतर कडा फाटतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. मग उलटायची, मग निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर फुगवायची. आणि इथं नवख्या बाईची फसगत होते. घरच्या जेवणाला भाकरी गरम वाढायची असते, सप्ताहाला ती गार करून द्यायची असते. गरम भाकऱ्यांची चळत लावली की त्यांना घाम येतो, खालच्या लिबलिबीत होतात आणि पोचेपर्यंत एकमेकींना चिकटतात. म्हणून घरभर धुतलेली लुगडी अंथरून भाकरी पसरून ठेवतात. पाय ठेवायला जागा नसते. नऊ-दहाच्या सुमारास ट्रॉली येते. ट्रॉली आदल्या रात्री धुतलेली, आत धोतरं अंथरलेली. घराघरातून टोपल्या निघतात, 'पुंडलिक वरदे' होतं, आणि ट्रॉली जाते. असंच दुसऱ्या गावाहून, तिसऱ्या गावाहून. शेकडो गावांची भाकरी एका शिवारात जमा होते. तिकडे मोठाल्या कढयांत आमटी उकळत असते. कुणाची भाकरी कुणाच्या पानात गेली ते कुणालाच कळत नाही.

मामा : हेच मी म्हणतोय. याला हिशेब नाही, पावती नाही. एवढं अन्न, आणि विकत घेतलेलं काहीच नाही. तुझ्या पुण्यात पाचशे माणसांचं लग्न असलं तर केटरर लागतो. इथं अख्खा मुलूख स्वयंपाकी होतो. याला मी देव म्हणतो. व्यासपीठावर काय चाललंय त्याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही.

बहीण : मुलूख नाही होत स्वयंपाकी. मुलखातल्या बायका होतात. मामा, तुम्ही सकाळी किती भाकरी थापल्या?

मामा : अगं, ट्रॉली कुणी धुतली? डिझेल कुणी टाकलं? सकाळपासून पट्टा कुणी...

बहीण : ते कष्ट नाहीत असं मी म्हणत नाही. पण ट्रॉलीबरोबर तुम्ही गेलात. पंगत बघितलीत, कीर्तन ऐकलंत, पहाऱ्याला टाळ घेऊन उभे राहिलात. देव तुम्हाला दिसला. मामींना काय दिसलं? तवा.

मला वाटलं मामी आता नवऱ्याची बाजू घेतील, नाहीतर भाचीची. त्यांनी दोन्ही केलं नाही.

मामी : तू माझं वाईट वाटून घेऊ नकोस, बाई. भाकरी करायचा मला कंटाळा नाही. उलट त्या दिवशी हात आपोआप चालतो. शेजारची माझ्याशी वर्षभर बोलत नाही, भांडण आहे बांधाचं. पण भाकरीच्या दिवशी तिची परात माझ्याकडं येते आणि माझं पीठ तिच्याकडं जातं. त्या दिवशी मी घरासाठी राबत नाही. नवऱ्यासाठी नाही, सासूसाठी नाही, पोरांसाठी नाही. कुणा अनोळखी माणसासाठी करते. ते मला आवडतं. तेवढं सोडून बोल.

बहीण : बरं. मग काय सोडू नको?

मामी : कीर्तन. मला कीर्तन ऐकायचंय. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सप्ताहाचं कीर्तन मी ऐकते ते दुसऱ्यांच्या तोंडून, आणि आता मोबाईलवर. भाकरी गेली की मागं गोठा आहे, सैपाक आहे, सासूबाईंचं औषधपाणी होतं. आणि जायला वाहन म्हणजे ती ट्रॉली. मला ट्रॉलीत चढताच येत नाही आता, गुडघे धरलेत.

मामा काही बोलले नाहीत. मला त्यांची बाजूही ठाऊक होती : मामींनी कधी मागितलंच नाही, आणि न मागितलेलं द्यायचं असतं हे आपल्या पिढ्यांना कुणी शिकवलं नाही. पण हे कारण झालं, उत्तर नव्हे. जनाबाईचे अभंग आपण जात्यावर गायले, तिचं दळण देवानं दळलं असं कौतुकानं सांगितलं. मग मंडपात बाईला जागा किती आणि पहाऱ्याची वीणा तिच्या गळ्यात किती वेळा, हे विचारायची वेळ आली की आपण रीत पुढं करतो. गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला लागू देत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री तीनलासुद्धा. ती परंपरा फार मोलाची आहे. ती मामींच्या गळ्यात का जाऊ नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

बोलणं पंगतीवर परत आलं ते मामांमुळे. त्यांना पंगतीचा अभिमान आहे, आणि त्या अभिमानात खोटं काही नाही.

मामा : एक गोष्ट मात्र तुला मानावी लागेल. पंगतीत जात नाही. माझ्या शेजारी कोण बसलाय हे मी विचारत नाही, तो मला विचारत नाही. भाकरी कुठल्या घरची हेही नाही. माझ्या आज्याच्या काळात हे झालं असतं का? साने गुरुजींनी 1947 साली पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठं विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. आणि इथं उघड्या शिवारात सगळे एका रांगेत.

बहीण : मानते. पंगतीत नसेल. पंगत उठल्यावर? मामा, हरेगाव इथून किती लांब आहे? 2023 चा ऑगस्ट. कबुतरं आणि शेळी चोरल्याच्या संशयावरून चार पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. दलित पोरं. तोही श्रावणच होता. सगळीकडं पोथ्या लागलेल्या, सप्ताह बसलेले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. हरेगाव आमच्यापासून लांब नाही. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना तिथलाच, आणि मतमाउलीची यात्राही तिथलीच. सप्टेंबरात मारिया मातेच्या जन्मसणाच्या सुमाराला तिथं नगर-मराठवाड्यातून ख्रिस्ती माणसं लोटतात, चालत येतात, मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात. त्यात हिंदू बायाही असतात. आमच्या मामी एकदा जाऊन आल्या आहेत. ज्या गावाच्या नावानं माणूस हात जोडतो त्याच गावाच्या नावानं मान खाली घालायची वेळ आली.

मामा : ते पाप होतं. त्याला दुसरा शब्द नाही. पण पोरी, पंगत मोडून ते थांबणार आहे का? आठवड्यातली ती एक दुपार तरी माणूस बरोबरीनं बसतो. त्याला निदान ठाऊक होतं की असं बसता येतं, आभाळ कोसळत नाही. ती दुपारही काढून घेतलीस तर मग उरलेल्या वर्षाला दाखवायला माझ्याकडं काय राहिलं?

बहीण : दुपार काढून घ्यायची नाहीच. तीच दुपार गावात आणा म्हणते. व्यासपीठावर लाख माणूस कान देऊन बसलंय. हरेगावसारखं काही घडलं की त्याच आठवड्यात तिथून एक वाक्य यायला हवं, की असं करणाऱ्याची भाकरी आमच्या ट्रॉलीत चालणार नाही. एवढं एक वाक्य जे काम करेल ते माझ्या खात्यातल्या शंभर परिपत्रकांना जमणार नाही.

माझं मत इथं पूर्णपणे बहिणीकडं आहे. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. तिथं पुढारी आले, हार-तुरे झाले, याचा मला राग नाही. गर्दी तिथं पुढारी हे चालायचंच. पण त्या गादीवरून जो शब्द सुटतो तो गावागावात पोचतो, आणि म्हणून तो जोडणाराच असायला हवा, कुणाच्याही श्रद्धेला न दुखवणारा. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. त्यांनी मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून डोक्यावर घेतलं. राहुरीजवळ ताहाराबादला महिपती होऊन गेले. 1762 साली त्यांनी 'भक्तविजय' पुरा केला आणि सगळ्या जातींच्या संतांची चरित्रं एका ग्रंथात आणली. बेलापूरवरून वाहणारी प्रवरा पुढं नेवाशाला जाते. तिथं शके 1212 ला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एवढी श्रीमंती ज्या मातीत आहे तिथल्या व्यासपीठाकडून कमी अपेक्षा का ठेवायची?

मामांना ज्ञानेश्वरांचं नाव निघालं की राहवत नाही. ते बोलते झाले.

मामा : नेवाशाचं बरं काढलंस. पैस खांबाला मी दरवर्षी पाठ टेकून बसतो. विचार कर, ते पोर किती वर्षांचं होतं, आणि शेवटी मागितलं काय, तर सगळ्या जीवांचं मैत्र. मी अडाणी आहे, पण मला सप्ताहात तेच दिसतं. रात्री दोनला माझा पहारा असतो. मंडपात हजारभर टाळकरी उभे. समोर कुणी बघायला नाही, फोटो नाही, पुढारी केव्हाच गेलेले. बाहेर पाऊस. नाम चालू आहे. ते आमच्यासाठी थांबत नाही, आमच्यामुळं सुरूही झालेलं नाही. आमच्या आधी कुणी तरी उभा होता, नंतर कुणी येईल. त्या दोन तासांत मला माझं नावसुद्धा आठवत नाही. तुझ्या ओटी टेस्टमध्ये हे येतं का?

बहीण : नाही येत. पण मामा, त्या रात्री दोनला पहाऱ्यावर उभं राहिलेल्या म्हाताऱ्याला साखर कमी होऊन चक्कर आली, तर त्याला उचलून तंबूत आणणारं कुणी तरी जागं असतं. त्याचाही तो पहाराच असतो.

मामांनी तिच्याकडं बघितलं. यात्रेच्या ड्यूटीला ते आजवर सरकारी काम समजत होते. मी त्यांना हे वाक्य पुन्हा एकदा स्वतःशी म्हणताना ऐकलं : त्याचाही पहाराच.

मामा : मग येत का नाहीस? पुढच्या साली ये. ड्यूटी लावून घे. नाहीतर रजा टाकून ये, आमच्या गावाचा तंबू टाकू. गोळ्या, सलाईन, काय लागेल ते आणू.

बहीण : येते. पण आधी तीन कामं करायची. टँकर ज्या विहिरीवर भरणार तिथं दोन पोरं बसवायची, टीसीएलचं वहीत लिहायचं. काल्याच्या दिवशी आपल्या गावाची माणसं कीर्तन संपल्यावर तासभर जागेवरच बसवायची, हरिपाठ म्हणा, भजन म्हणा, पण उठू द्यायचं नाही. आणि ट्रॉलीत भाकरीशिवाय काहीही जाणार नाही, ना जाताना, ना येताना.

मामा : तासभर बसवणं सोपं आहे. ट्रॉलीचं अवघड. गाव ऐकणार नाही.

मामी : गाव ऐकेल. भाकरी आम्ही करतो. ट्रॉलीत माणूस चढला तर टोपली देणार नाही, असं आळीतल्या चार जणींनी सांगितलं की कोण चढतंय?

मामा : आणि मग तुम्ही कशानं येणार?

मामी : ते तुम्ही बघा. दोन गाड्या करा. पहाटे सहाला भाकरी आवरेल, साडेसहाला थोरली सून गोठा बघेल, तिला परवाच विचारून ठेवलंय मी. कीर्तनाला पुढं बसायचं तर दहाच्या आत पोचायला हवं ना?

बहीण : नऊला. पुढची जागा नऊलाच भरते.

मामी : मग भाकरी तीनला सुरू करू. तेवढं त्या गिरणीवाल्याला आदल्या दिवशी दुपारीच सांगून ठेवायला लागेल, आणि थापायला नाही तर निदान भाकरी पसरायला, गोळा करायला घरातली पोरं उठवायला लागतील. मुली नाही, पोरं.

मामांनी खिशातून फोन काढला आणि गाडीवाल्याचा नंबर शोधायला घेतला.